ब्लूज आणि जॅझचं स्वतःचं मिक्स : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आवडती ब्लूज आणि जॅझ गाणी निवडून, ओळीने लावून, सलग ऐकण्याजोगं मिक्स करायचं आहे, अशांसाठी हे पान आहे. फोनवरची प्लेलिस्ट असो, सीडी असो की कॅसेट, बहुतेक उत्तरं तिन्हींना लागू पडतील.

ब्लूज आणि जॅझ एकाच मिक्समध्ये चालतात का?

उत्तम चालतात, पण "निम्मं हे, निम्मं ते" असा हिशेब केला तर नाही. ब्लूज गायक मडी वॉटर्सच्या विजेच्या गिटारमागोमाग तंतुवाद्यांच्या साथीचं मऊ जॅझ प्रेमगीत आलं की ऐकणाऱ्याला वाटतं, चुकून दुसरंच काही सुरू झालं. दोन्हींना जोडणारा धागा आधीच तयार आहे, तो म्हणजे बारा बारचा ब्लूज. ड्यूक एलिंग्टन, काउंट बेसी, चार्ली पार्कर, थेलोनियस मंक, माइल्स डेव्हिस, जॉन कोल्ट्रेन या सगळ्यांनी या साच्यात रचना केल्या आणि आयुष्यभर वाजवल्या. पहिलं मिक्स करताना जॅझमधून ब्लूजच्या साच्यातले किंवा त्याच्या अगदी जवळचे तुकडेच घ्या, हा आमचा आग्रह आहे. इतर जॅझसाठी दुसरं मिक्स करता येईल.

बारा बारचा ब्लूज कानाने कसा ओळखायचा?

एका बारमध्ये चार मात्रा, असे बारा बार, म्हणजे 48 मात्रा. तबल्याच्या आवर्तनासारखं हे चक्र अखेरपर्यंत फिरत राहतं. पहिले चार बार साथ षड्जावर असते, पाचवा-सहावा मध्यमावर, सातवा-आठवा पुन्हा षड्जावर, नववा पंचमावर, दहावा मध्यमावर, आणि शेवटचे दोन घरी परत. पुष्कळ रचना दुसऱ्याच बारमध्ये एकदा मध्यमावर डोकावून येतात. गायलेल्या ब्लूजमध्ये पहिली ओळ दोनदा येते आणि तिसरी तिला उत्तर देते. एका ओळीला साधारण चार बार लागतात, त्यातले शेवटचे दीड-दोन बार वाद्य बोलतं. गंधार कोमल आणि शुद्ध यांच्या मधे कुठेतरी लागतो. तीच ब्लूजची ओढ.

सरावासाठी मंकचं 'ब्लू मंक' (1954) घ्या. लय मध्यम आहे आणि चक्रं स्वच्छ मोजता येतात. मात्र साच्याचा बाऊ नको. हाउलिन वुल्फचं 'स्मोकस्टॅक लाइटनिन' (1956) जवळजवळ एकाच कॉर्डवर (एकत्र वाजणाऱ्या सुरांच्या जुळणीवर) उभं आहे, आणि रॉबर्ट जॉन्सन एकटाच गिटार घेऊन गात असल्यामुळे बार हवा तिथे लांबवतो किंवा तोडतो. तरी दोन्ही अस्सल ब्लूज आहेत.

किती मिनिटांचं करावं?

45 मिनिटांचा एक भाग, असे जास्तीत जास्त दोन. सी-90 कॅसेटची एक बाजू 45 मिनिटांची असते, आणि एका बैठकीत लक्ष देऊन ऐकायला ती लांबी आजही योग्य वाटते. फोनवर जागेची मर्यादा नसते आणि तिथेच घोटाळा होतो. दोनशे गाण्यांची यादी होते, ती शफलवर टाकली जाते, आणि तो साठा होतो, मिक्स नाही.

45 मिनिटांत किती गाणी बसतात?

काळावर अवलंबून आहे. मिनिटाला 78 फेऱ्यांच्या दहा इंची तबकडीवर एका बाजूला जेमतेम तीन मिनिटं मावत, म्हणून 1920 ते 1940 च्या दशकांतलं जवळजवळ प्रत्येक गाणं अडीच ते सव्वातीन मिनिटांचं आहे. कोलंबिया कंपनीने 1948 मध्ये एलपी, म्हणजे जास्त वेळ वाजणारी तबकडी, आणली आणि जॅझमधले तुकडे आठ-दहा मिनिटांपर्यंत वाढले. 45 मिनिटांत नऊ छोटी आणि दोन लांब बसतात. लांब तुकडे दोनच ठेवा. तिसरा घेतला की छोटी गाणी मधल्या जाहिरातींसारखी वाटू लागतात.

एकाच गाण्याच्या दहा-दहा आवृत्त्या सापडतात. नेमकी कोणती घ्यायची?

सर्वांत जास्त चुका इथे होतात, म्हणून सविस्तर सांगतो.

साल तपासा. स्ट्रीमिंगवर दिसणारं साल बहुधा संकलन बाजारात आल्याचं असतं, ध्वनिमुद्रणाचं नव्हे. 1928 च्या गाण्यावर 1990 च्या पुढचं साल दिसणं नेहमीचं आहे. दुसरं म्हणजे, पुष्कळ ब्लूज गायकांनी आपली गाजलेली गाणी नंतर पुन्हा गायली. मडी वॉटर्सचं 'मॅनिश बॉय' 1955 चं आहे, तेच त्याने 1977 च्या 'हार्ड अगेन' या अल्बमसाठी पुन्हा गायलं. दोन्ही जोरकस आहेत, पण 1955 चं तीन मिनिटांच्या आत संपतं आणि दुसरं पाच मिनिटांच्या पुढे जातं. साल न पाहता घेतलं तर तुमचा सगळा हिशेब चुकतो.

तिसरा सापळा टेकचा, म्हणजे एकच गाणं पुन्हा पुन्हा मुद्रित केलेल्या वेगवेगळ्या प्रयत्नांचा. रॉबर्ट जॉन्सनच्या 'क्रॉस रोड ब्लूज'चे 1936 चे दोन टेक उपलब्ध आहेत. पहिला 78 च्या तबकडीवर आला, दुसरा 1961 च्या एलपीवर. संपूर्ण संचात ते दोन्ही असतात. चार्ली पार्करच्या संचांत तर सुरू होऊन मध्येच थांबलेले टेकही असतात. अभ्यासासाठी ते मोलाचे आहेत, मिक्समध्ये मात्र मुख्य टेकच घ्या.

चौथा, नावाचा. टी-बोन वॉकरचं 1947 चं 'कॉल इट स्टॉर्मी मंडे' शोधताना 'स्टॉर्मी मंडे ब्लूज' हाती लागतं. ते 1942 चं, अर्ल हाइन्सच्या बँडचं, बिली एक्स्टाइनने गायलेलं वेगळंच गाणं आहे.

आणि माइल्स डेव्हिसच्या 'काइंड ऑफ ब्लू'बद्दल. 2 मार्च 1959 च्या बैठकीत वापरलेलं टेपमशीन किंचित हळू चालत होतं. त्यामुळे एलपीच्या पहिल्या बाजूचे तिन्ही तुकडे मूळ वाजवण्यापेक्षा थोडे जलद आणि चढ्या सुरात छापले गेले. 1990 च्या दशकातल्या नव्या आवृत्त्यांत हे दुरुस्त झालं. 1997 ची किंवा त्यानंतरची अधिकृत आवृत्ती घेतली तर सूर जागेवर मिळतो. पेटीवर लावून पाहा, 'फ्रेडी फ्रीलोडर' स्वच्छ काळी पाचमध्ये बसेल.

क्रम कसा लावायचा?

सालवार लावणं सर्वांत सोपं आणि सर्वांत फसवं. पहिली वीस मिनिटं खरखरीत जातात आणि नवखा ऐकणारा तिथेच बंद करतो. उलट करा. स्वच्छ आवाजाच्या गाण्यापासून हळूहळू मागे जा, कान खरखरीला सरावतात, आणि तळाशी पोचल्यावर एका उडीत परत वर या. नमुना म्हणून एक 45 मिनिटांचा भाग देतो.

सुरुवात 'स्मोकस्टॅक लाइटनिन'ने (1956, सुमारे 3:05). गिटारची तीच ओळ पुन्हा पुन्हा येते आणि पहिल्या दहा सेकंदांत खोली ताब्यात घेते. मग मडी वॉटर्सचं 'हूची कूची मॅन' (1954, 2:50). वुल्फची अखंड चाल ऐकल्यावर यातले बँडचे एकसाथ थांबे जास्त उठून दिसतात, शिवाय दोन्ही शिकागोच्या चेस कंपनीची, त्यामुळे आवाजाची जात एक. तिसरा चार्ली पार्करचा 'पार्कर्स मूड' (1948, 3:05). गाणारा माणूस जातो आणि त्याच्या जागी सॅक्सोफोन बोलू लागतो. ब्लूजमधून जॅझमध्ये जाण्याचा याहून सरळ रस्ता आम्हाला ठाऊक नाही. चौथं टी-बोन वॉकरचं 'कॉल इट स्टॉर्मी मंडे' (1947, 3:00). गिटार ब्लूजची, पण कॉर्ड आणि साथ जॅझची. पाचवं बिली हॉलिडेचं 'फाइन अँड मेलो' (1939, 3:15). इथवर तीन संथ गाणी ओळीने झाली, म्हणून सहावा काउंट बेसीचा 'वन ओक्लॉक जंप' (1937, 3:00). बेसीचा पियानो पांढरी चारमध्ये सुरू होतो आणि सॅक्सोफोन येताच सगळा बँड काळी एकवर जातो. मिक्सच्या मध्यावर हा धक्का हवाच.

सातवं 'क्रॉस रोड ब्लूज' (1936, 2:40), अख्ख्या बँडनंतर एकटा माणूस. आठवा लुई आर्मस्ट्राँगचा 'वेस्ट एंड ब्लूज' (1928, 3:20), ज्याची सुरुवात साथीशिवायच्या ट्रम्पेटने होते. नववं, तळाचं, बेसी स्मिथचं 'सेंट लुइस ब्लूज' (जानेवारी 1925, 3:10). हे मायक्रोफोनशिवाय, भोंग्यासमोर गाऊन मुद्रित झालेलं आहे. कॉर्नेटवर आर्मस्ट्राँग आणि साथीला चक्क पेटी, वाजवणारा फ्रेड लाँगशॉ. मराठी कानाला ही साथ फार लवकर आपली वाटते.

इथून उडी. 'ब्लू मंक' (1954, साडेसात मिनिटं), पियानो, बास, ड्रम, तिन्ही स्पष्ट. शेवटी ऑलिव्हर नेल्सनचं 'स्टोलन मोमेंट्स' (1961, पावणेनऊ मिनिटं). त्यात फ्रेडी हबर्डच्या ट्रम्पेटनंतर एरिक डॉल्फीची बासरी येते आणि बिल एव्हान्सचा पियानो. बेरीज पावणेचव्वेचाळीस मिनिटांच्या आसपास, दोन गाण्यांमधल्या शांततेसाठी थोडी जागा उरते.

दोन्ही तुकडे सुंदर आहेत, तरी एकापाठोपाठ कंटाळवाणे का वाटतात?

पट्टी आणि लय दोन्ही सारख्या असतील. वरच्या भागात 'ब्लू मंक'नंतर 'फ्रेडी फ्रीलोडर' लावून पाहा. दोन्ही काळी पाचमध्ये, दोन्ही मध्यम लयीत, मिळून सतरा मिनिटांहून जास्त. दुसरा सुरू झाला हेच लक्षात येत नाही. 'स्टोलन मोमेंट्स' पांढरी एकमध्ये आणि कोमल गंधाराचं आहे, म्हणून दार उघडल्यासारखं होतं.

हा प्रसंग वारंवार येतो, कारण ट्रम्पेट आणि टेनर सॅक्सोफोन ही वाद्यंच काळी पाचच्या बांधणीची आहेत, त्यामुळे जॅझमधले ढीगभर ब्लूज काळी पाच किंवा पांढरी चारमध्ये सापडतात. गिटारवाल्यांचे पांढरी तीन आणि पांढरी सहामध्ये, कारण तिथे मोकळ्या तारा कामी येतात. म्हणूनच फुंकवाद्य, गिटार, फुंकवाद्य असं आलटूनपालटून लावलं की पट्टी आपोआप बदलते. लयीसाठी पंधरा सेकंद टाळी मोजून चारने गुणा, आणि शेजारच्या गाण्यांत निदान 15 ते 20 ठोक्यांचा फरक ठेवा. जाणूनबुजून दोन संथ गाणी जोडायची असतील तर वाद्यं तरी बदला.

जुनी गाणी बारीक आणि नवी कानठळ्या बसवणारी येतात. उपाय काय?

प्लेअरमध्ये आवाज समान करण्याची सोय असते, ती चालू करा. रीप्लेगेन (फाइलीतच आवाजाची पातळी नोंदवून ती समान करणारी पद्धत) वापरत असाल तर 'अल्बम' नव्हे, 'ट्रॅक' हा पर्याय निवडा. अल्बमचा पर्याय एका अल्बममधल्या गाण्यांचा आपसातला फरक जपण्यासाठी आहे, मिक्समध्ये प्रत्येक गाणं वेगळ्या ठिकाणचं असतं.

सीडी किंवा कॅसेट करायची असेल तर ऑडॅसिटी या ध्वनिसंपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये 'लाउडनेस नॉर्मलायझेशन' हा इफेक्ट घ्या आणि लक्ष्य उणे 18 एलयूएफएस ठेवा. कानाला जाणवणाऱ्या मोठेपणाचं हे माप आहे. स्पॉटिफाय उणे 14 धरतं म्हणून तेच घेऊ नका. 1959-61 च्या जॅझमध्ये हळू आणि मोठ्या आवाजातलं अंतर बरंच असतं. सरासरी उणे 14 पर्यंत ओढली की ट्रम्पेटच्या टोकाच्या सुरांना जागा उरत नाही आणि आवाज फुटतो. त्याच खिडकीत 'ट्रीट मोनो अ‍ॅज ड्युअल मोनो' ही खूण असते, ती ठेवाच. नाहीतर एका चॅनलच्या फाइलींची मोजणी 3 डेसिबलने चुकते, आणि 1950 पूर्वीचं जवळजवळ सगळं मोनोच आहे.

यानंतरचं काम कानाचं. माप सारखं असूनही 1925 चा आवाज पुढे घुसल्यासारखा वाटतो, कारण खालचा आणि वरचा पट्टा नसल्यामुळे सगळी ताकद मधल्या पट्ट्यात, जिथे माणसाचा कान तीक्ष्ण असतो, तिथे एकवटते. असे ट्रॅक 1 ते 2 डेसिबलने खाली आणा.

खरखर काढून टाकावी का?

थोडीच. ऑडॅसिटीच्या 'नॉइज रिडक्शन'मध्ये 12 डेसिबल असेल तर 6 वर आणा. जास्त काढलं की झांजेची वरची चमक आणि गायिकेचा श्वास आधी जातो, आणि उरतो पाण्याखालून आल्यासारखा बुडबुडणारा आवाज. 40 हर्ट्झच्या खालचा भाग मात्र बिनधास्त कापा, तिथे फक्त यंत्राची घरघर असते. टकटक आवाज 'क्लिक रिमूव्हल'ने जातात, पण आधी दहा सेकंदांवर चालवून बघा, ट्रम्पेटच्या तीक्ष्ण सुरांनाही तो कधीकधी ओरखडा समजतो.

क्रॉसफेड (एक गाणं संपता संपता पुढचं त्यात मिसळणं) चालू ठेवायचं का?

नाही. 'वेस्ट एंड ब्लूज'ची एकट्या ट्रम्पेटची सुरुवात दुसऱ्या गाण्याच्या शेपटीत मिसळली तर ते गाणं लावण्यात अर्थच राहत नाही. दोन गाण्यांमध्ये दोन सेकंद शांतता पुरते. लांब तुकड्यानंतर चार द्या.

लाइव्ह ध्वनिमुद्रण घेतलं तर?

एक घ्या, फार तर दोन, आणि शेजारी शेजारी. बी. बी. किंगच्या 'लाइव्ह अ‍ॅट द रीगल'मध्ये (शिकागो, नोव्हेंबर 1964) श्रोत्यांचा ओरडा हा संगीताचाच भाग आहे. पण तिथली गाणी एकमेकांत मिसळलेली आहेत, ट्रॅक सुटा काढला की टाळ्या मध्येच तुटतात. शेवटी आवाज हळूहळू उतरवणारा तीन-चार सेकंदांचा फेड द्या, सुरुवातीला चढवणारा एक सेकंदाचा.

हेडफोनवर ड्रम फक्त एकाच कानात का ऐकू येतात?

1950 च्या दशकाअखेरच्या स्टीरिओत वाद्यं अगदी डावीकडे किंवा अगदी उजवीकडे ठेवली जात. मोनो आवृत्ती मिळाली तर ती घ्या, नाहीतर फोनच्या सेटिंगमध्ये मोनो ऑडिओ चालू करा. 1960 च्या दशकात जुन्या मोनो मुद्रणांना कृत्रिम स्टीरिओ करून विकलं गेलं. पुसट आणि पोकळ वाटणाऱ्या त्या आवृत्त्या टाळाव्यात.

घरातल्या किंवा बाजारातून आणलेल्या तबकड्या मिक्समध्ये घेता येतील का?

येतील. मुंबईत चोरबाजारात, मटण स्ट्रीटवर, जुन्या तबकड्या आजही मिळतात. 78 ची तबकडी एलपीच्या सुईने वाजवू नका. एलपीच्या सुईचं टोक सुमारे 0.7 मिल (मिल म्हणजे इंचाचा हजारावा भाग), 78 ला सुमारे 3 मिलचं लागतं. बारीक सुई खोबणीच्या तळाशी घासत जाते, म्हणून खरखर वाढते. लाखेच्या तबकडीला स्पिरिट किंवा अल्कोहोल लावू नका, लाख विरघळते. मऊ ब्रश, साधं पाणी, लेबल कोरडं ठेवून. संगणकावर घेताना सर्वांत मोठ्या आवाजाला पातळीचा मीटर उणे 6 डेसिबलच्या वर जाऊ देऊ नका.

सीडी की फाइल? कोणत्या दर्जाची?

80 मिनिटांच्या ऑडिओ सीडीवर 45 मिनिटांचा एकच पूर्ण भाग बसतो, दोन हवे असतील तर प्रत्येक 39 मिनिटांवर आणा. सीडी भरताना 'डिस्क अ‍ॅट वन्स' हा पर्याय निवडा, म्हणजे शांतता तुमच्या हातात राहते. सीडीच्या दर्जाची फाइल मिनिटाला साधारण 10 एमबी खाते, फ्लॅक (दर्जा न घटवता लहान केलेली फाइल) साधारण निम्मी. एमपी3 पुन्हा एमपी3 करू नका, दर वेळी काहीतरी गळतं, आणि खरखरीच्या मुद्रणात ते लगेच कळतं. कॅसेटवर भरताना टेपची पहिली पाच-सहा सेकंदं सोडा, ती पट्टी मुद्रण धरत नाही.

गोवा-मुंबईच्या कलाकारांना जागा आहे का?

आहे, आणि ती मानाची असावी. मुंबईच्या हॉटेलांतले जॅझ बँड मुख्यतः गोव्याच्या वादकांवर उभे होते. हळदोण्याचा ट्रम्पेटवादक चिक चॉकलेट त्यांतला अग्रणी. सी. रामचंद्र यांचं संगीत असलेल्या 'अलबेला' चित्रपटात (1951) तो बँडसह पडद्यावरही दिसतो. संगीतकार क्रिस पेरी यांच्या चाली आणि गायिका लॉर्नाचा आवाज असलेली 'बेब्दो' आणि 'पिसो' ही कोंकणी गाणी जॅझवर पोसलेली आहेत. पण यातलं बहुतेक स्विंग किंवा लॅटिन ठेक्याचं आहे, बारा बारचा ब्लूज नव्हे. म्हणून ती दुसऱ्या भागात घ्या, 'वन ओक्लॉक जंप'सारख्या नाचऱ्या तुकड्याच्या शेजारी. मडी वॉटर्सला चिकटवून लावली तर दोघांवरही अन्याय होतो.

मिक्ससोबत काय लिहून ठेवावं?

गायक किंवा मुख्य वादक, ध्वनिमुद्रणाचं साल, गाव, आणि एक-दोन साथीदारांची नावं. ऐकणारा पुढे शोधत जातो तो साथीदारांच्या नावांवरून. अर्ल हाइन्सचंच बघा, तो 'वेस्ट एंड ब्लूज'च्या पियानोवर आहे आणि 1942 च्या 'स्टॉर्मी मंडे ब्लूज'चा बँडही त्याचाच. फाइलच्या 'अल्बम' रकान्यात मिक्सचं नाव टाका आणि 'कंपायलेशन' ही खूण करा, नाहीतर फोन अकरा गाण्यांचे अकरा अल्बम करतो.

मित्रांना द्यायला किंवा नेटवर चढवायला कायद्याची आडकाठी आहे का?

स्वतःच्या खाजगी वापराला भारतीय कायद्यात मुभा आहे, सार्वजनिकरीत्या चढवायला नाही. भारतात ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रकाशनाच्या पुढच्या वर्षापासून 60 वर्षं चालतो. रचनेचा हक्क वेगळा, रचनाकाराच्या मृत्यूनंतर 60 वर्षं. त्यामुळे मुद्रण मुक्त असलं तरी गाणं बांधलेलं असू शकतं. अमेरिकेत 1923 पूर्वीची ध्वनिमुद्रणं 1 जानेवारी 2022 ला मुक्त झाली, 1923 ची 2024 मध्ये, 1924 ची 2025 मध्ये. मित्राला द्यायचंच असेल तर स्ट्रीमिंगवर यादी करून तिचा दुवा पाठवा, आणि सोबत वरच्या नोंदींचा कागद. यादीतलं एखादं गाणं त्याच्या देशात उपलब्ध नसेल तर ते गुपचूप वगळलं जातं, म्हणून एकूण मिनिटंही लिहून द्या. त्यांचा ताळा जमला नाही की काय गळलं ते त्याला लगेच शोधता येईल.